मासेवाली नसलेला मासळी बाजार

डहाणूत एखादी वस्तू घरातून नाहीशी झाली की लोक आधी कपाटाखाली बघायचे आणि मग आमच्या चित्रकलेच्या बाईंच्या ओटीवर. चोरीचा संशय कुणी घेत नसे. बाई वस्तू मागूनच न्यायच्या. फक्त मागताना त्या "दोन दिवसांसाठी" म्हणायच्या, आणि त्यांचे दोन दिवस कधी संपतील हे चित्र कधी संपेल त्यावर असायचं. चहावाल्याची पोचे पडलेली किटली, शिंप्याची कोळशाची इस्त्री, बेकरीतली बिस्किटांची बरणी, कुणाच्या तरी आजोबांची कुबडी, असलं सगळं त्यांच्या ओटीवरच्या स्टुलावर नाहीतर स्टुलाखाली पडलेलं असे. आम्ही चार-पाच मुलं त्याभोवती मांडी घालून वस्तुचित्र काढत असू. शिंपी एकदा इस्त्री न्यायला आला तेव्हा बाई त्याला म्हणाल्या, "बस जरा. हिची इस्त्री झालीय, सावली राहिलीय." तो बिचारा माझ्या सावलीची वाट बघत बसून राहिला. शेवटी कंटाळून म्हणाला, "बाई, मी आपलं हे चित्रच नेऊ का? इस्त्री ऱ्हाऊ द्या तुमच्याकडे, मला नवी घ्यायचीच हाय." बाईंनी त्याला चित्रही दिलं नाही आणि इस्त्रीही दिली नाही, कारण तोपर्यंत ऊन सरकून सावली बदलली होती.

माझी आणि बाईंची ओळख अशीच झाली. माझी आई डहाणूच्या बाजारात मासे विकते. बाई तिच्याकडून मासे घ्यायच्या. एक दिवस त्यांनी बोंबील घेतले आणि बोंबलांची टोपलीही मागून घेतली. दोन दिवसांसाठी. आठवडा उलटल्यावर आईने मला टोपली आणायला पाठवलं. मी दहावीत होते, चित्रं बरी काढायचे, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिलेली होती आणि स्वतःविषयी माझं मत चांगलं होतं. ओटीवर आमची टोपली स्टुलावर चढून बसली होती आणि तिच्या वासाने बाकीची मुलं नाक धरून चित्र काढत होती. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "टोपली तुमची?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. "मग तुला वास येत नसणार. बस, तूच काढ नीट." मी टोपली आणायला गेले होते ती संध्याकाळी कागद घेऊन घरी आले. टोपली तिथेच राहिली. आईने मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

बाई तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. डहाणूत एका चिकूच्या वाडीच्या कडेला दोन खोल्या आणि ती ओटी, एवढ्यात राहायच्या. नेसायच्या सुती साडी आणि तिच्यावर पुरुषी शर्ट, कारण ब्लाउजला खिसा नसतो आणि पेन्सिली कुठे ठेवायच्या हा प्रश्न त्यांना तरुणपणीच पडला होता. डोळ्यांवर एक चष्मा, कपाळावर दुसरा. कुणी मॅडम म्हटलेलं खपत नसे. "मॅडम बँकेत असतात," म्हणायच्या. कौतुक नावाची गोष्ट त्यांच्याकडे मिळत नसे. चित्र फारच जमलं तर "चालेल" म्हणायच्या. एरवी नुसतं "हं". मी घरी जाऊन आईला सांगायचे, आज चालेल म्हणाल्या. आई म्हणायची, "चालंल तर चालू दे, टोपली कवा देतेय ती?"

माझी आई कुणालाच अहो-जाहो करत नाही. आमच्या आगर वस्तीत तशी रीतच नाही. बाईंनाही ती "तू" म्हणायची, आणि सगळ्या डहाणूत त्यांना अरे-तुरे करणारी ती एकटीच असल्यामुळे बाईंना ते मनापासून आवडायचं. आता बाई भाचीकडे नाशिकला असतात, तरी फोनवर आधी आईची चौकशी करतात आणि मग माझी.

त्यांची एक सवय सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चित्र दाखवायला नेलं की त्या आधी कागद बघत नसत. विचारायच्या, "बसली होतीस कुठे?" मी जागा दाखवली की गुडघ्यांवर हात टेकत उठायच्या, त्या जागी जाऊन बसायच्या, माझी उंची पकडायला मान खाली घ्यायच्या आणि मग कागद हातात घ्यायच्या. जागा नीट आठवत नसेल तर चित्र बघायच्याच नाहीत. बाहेरही तेच. लग्नाला गेल्या की मांडवात न बसता आचाऱ्याच्या मागे बसायच्या. शाळेच्या गॅदरिंगला विंगेत. शेजारच्या पूजेला भटजींच्या पाठीमागे जाऊन बसल्या तेव्हा ते अर्धी पोथी मागे वळून वळून वाचत होते. जीपमध्ये कायम मागच्या आडव्या बाकावर. मी म्हटलं, पुढे बसा की, रस्ता दिसेल. तर म्हणाल्या, "पुढचा रस्ता ड्रायव्हर बघतोय."

बारावी झाली तेव्हा घरी माझ्या शिक्षणाचा विषय निघाला. बाबांची मासेमारीची बोट आहे. वाढवणला होणाऱ्या मोठ्या बंदराच्या बातम्या रोज घरात होत्या, बाबा दोनदा मोर्चाला जाऊन आले होते, आणि दर्यावर पुढे काय उरेल ते सांगता येत नाही म्हणून पोरीने पगाराचं काहीतरी शिकावं असं त्यांच्या मनात पक्कं होतं. मामाने बोईसरला औषधांच्या दुकानात ओळख काढून ठेवली होती. फार्मसीचा डिप्लोमा करायचा, मग तिथे चिकटायचं. मला चित्रकलेची पदवी करायची होती. त्यासाठी प्रवेश परीक्षा असते हेही घरात कुणाला माहीत नव्हतं. बाबा रागावले नाहीत. त्यांनी जाळं विणता विणता मान वर न करता सांगितलं, "एकदा दे परीक्षा. लागला नंबर तर जा. नाय लागला तर फार्मसी, आणि मग रडायचं नाय." एवढंच. मी हो म्हटलं.

अर्ज भरायला बाई माझ्याबरोबर स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याकडे आल्या. दाखले, मार्कशीट, सही, फोटो, सगळं त्याने चढवलं आणि वर फुकटचा सल्लाही दिला. "डहाणूची ना? मग घाबरते कशाला? वारली काढून ये. एक तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर, दोन झाडं. तिकडे खूश होतात. सीट पक्की." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी मनात तारपेवाला काढायलाही सुरुवात केली होती. बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, म्हणजे आता त्यांच्या डोळ्यांवर दोन चष्मे झाले, आणि माझ्याकडे बघितलं. "तुझ्या घरात कुणी काढतं का ते?" मी नाही म्हटलं. "तुझ्या आईने कधी भिंत सारवून पांढरं काढलं?" नाही. "मग जिचं आहे ती काढेल. तलासरीला माझ्या पोरी काढायच्या, त्यांच्या आज्या काढायच्या, त्यांचं लग्न त्याशिवाय लागायचं नाही. तू सीटसाठी काढणार?" बाईंनी मग कॉम्प्युटरवाल्यालाही सोडलं नाही. "आणि तू रे? तू काय गुजराती म्हणून परीक्षेत ढोकळा काढशील?"

तर वारली गेली. मग तयारी सुरू झाली. परीक्षेत तीन कामं असतात. समोर ठेवलेल्या वस्तू काढायच्या, एक नक्षी रचायची, आणि स्मरणचित्र, म्हणजे सांगितलेला प्रसंग मनाने काढायचा, त्यात माणसं हवीत. स्मरणचित्रासाठी बाई मला तलासरीच्या आठवडी बाजारात न्यायच्या. कागद-पेन्सिल न्यायला मनाई. बाजारात उभं राहायचं, बघायचं, आणि डहाणूला परत येऊन ओटीवर बसून काढायचं. येताना जीपमध्ये एक शब्द बोलायचा नाही. "बोललं की चित्र सांडतं," असं त्यांचं म्हणणं. आम्ही दोघी तोंडं घट्ट मिटून मागच्या बाकांवर समोरासमोर बसायचो आणि बाकीच्या बायकांना वाटायचं की आमचं भांडण झालंय. एकदा एका म्हातारीला राहवलं नाही. ती मला म्हणाली, "जाऊ दे बाय, सासू हाय, ऐकून घ्यावं." मला हसू आवरेना आणि त्या दिवशीचा अख्खा बाजार माझ्या डोक्यातून सांडला. बाईंनी मला पुढच्या आठवड्यात परत नेलं आणि जाताना ताकीद दिली की सासू म्हटलं तरी हसायचं नाही.

परीक्षा विरारला होती. बाबा बोटीवर होते, आईला बाजार सोडता येत नव्हता, तेव्हा सोबत बाईच आल्या. वस्तूंचं चित्र बरं झालं, नक्षी ठीक झाली. शेवटचा पेपर स्मरणचित्राचा. विषय वाचला आणि मी बाकावरच्या बाकावर हरखले. मासळी बाजारात विक्री करणारी स्त्री आणि गिऱ्हाइकं, निदान तीन मनुष्याकृती. मी शाळा सुटली की आईच्या शेजारी पाट टाकून बसणारी मुलगी. गृहपाठ तिथे केलाय, ताप आला तरी तिथेच निजलेय. हॉलमधल्या इतक्या मुलांमध्ये हा विषय माझ्याइतका कुणाचाच नव्हता. मी डोळे मिटले, बाजार आला, आणि मी भराभर काढत गेले. एक म्हातारे पारशी बावाजी वाकून माशाचे कल्ले बघतायत, चष्मा नाकाच्या टोकाला आलाय. एक बाई रुमालाने नाक दाबून, तरी नजर पापलेटवर. एक गृहस्थ घ्यायचं नाही असं दाखवत अर्धे वळलेले, पोट मात्र अजून इकडेच. पत्र्याचं छप्पर, लोंबणारा दिवा, पाण्यातून चपला वाचवत उभे असलेले पाय. खाली टोपलीचा काठ, आणि काठावर हिरव्या बांगड्यांचे दोन हात, एका हातात पापलेट उचलून धरलेलं. रंगही हवे तसे बसले. वेळ संपायच्या आधी माझं चित्र पूर्ण झालं आणि मी खुशीत बाहेर आले.

बाहेर व्हरांड्यात मुलं बोलत होती. एकजण म्हणाली, "मी तीन कोळणी काढल्या, एक डोक्यावर टोपली घेऊन." दुसरा म्हणाला त्याने एकच काढली, पण मधोमध, मोठी, केसांत फूल घालून. तिसरीने मला विचारलं, "तुझी कोळीण बसलेली की उभी?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. माझ्या चित्रात मासेवाली नव्हतीच. विषयातलं पहिलं माणूस तीच, आणि तीच नव्हती. मी आईच्या बाजूला बसून जन्मभर गिऱ्हाइकांकडे बघत आले होते. समोरून आई कशी दिसते हे काढायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

बाई गेटबाहेर शेंगदाणेवाल्याच्या गाडीच्या मागे त्याच्या स्टुलावर बसल्या होत्या आणि तो उभा होता. मी म्हटलं, "बाई, माझ्या बाजारात मासेवाली नाहीये."

"मग बाजार कुणाचा आहे?"

"मासेवालीचाच आहे. पण ती दिसत नाही. तिचे हात दिसतात."

एवढं म्हणून मी रडायला लागले. बाईंनी समजूत घातली नाही. पिशवीतून कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. "काढ. तिथे काढलंस तसंच, सुधारायचं नाही." मी नाक ओढत तिथेच फुटपाथवर पेन्सिलने सगळं पुन्हा काढलं. बाई कितीतरी वेळ बघत बसल्या. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मीच विचारलं, "चालेल का?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही." इतक्या दिवसांत त्यांना माहीत नाही अशी गोष्ट मी पहिल्यांदा बघत होते. त्यांनी कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात घातली आणि डहाणू येईपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. या वेळी काही सांडू नये म्हणून नव्हे.

निकाल लागायला बरेच दिवस होते. मी घरी मान खाली घालून फार्मसीची माहिती वाचायला लागले. बाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी आपलं काम सुरू केलं. भेटेल त्याला थांबवून त्या विचारत सुटल्या, "चित्रात नुसते हात दिसले, तर तिथे माणूस आहे असं धरायचं की नाही?" डॉक्टर म्हणाले, हाताला नाडी लागत असेल तर धरायला हरकत नाही. तिकीट खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, मला दिवसभर हातच दिसतात. हातालाच तिकीट देतो." बेकरीवाला बावा म्हणाला, "हाथ छे तो पाछळ माणस होय ज ने." एक निवृत्त मुख्याध्यापक तेवढे म्हणाले की विषयात मनुष्याकृती म्हटलंय, अवयव म्हटलेलं नाही, तर बाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि त्यांची कंदील अडकवायची खुंटी ओटीवर होती ती मुद्दाम परत पाठवली. सगळ्या गावात माझी शोभा होत होती. तरी कुणी "हो, माणूस धरायचा" म्हणालं की बाई मला लगेच फोन करून सांगायच्या, आणि त्या रात्री मला जरा झोप लागायची. आईलाही त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "हात दिसल्यावर आणि काय दाखवायचं? बाकीचं अंग घरी ठेवूनच येतो आम्ही."

आणि एका सकाळी आईचाच फोन आला. "अगो, तुझी बाई माझ्या पाटावर येऊन बसलीय. उठत नाय. तू ये."

मी धावत गेले. आईच्या पाटावर बाई बसल्या होत्या. साडी गुडघ्यांपर्यंत खोचलेली, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, समोर पापलेट आणि कोलंबीची टोपली. आई बाजूला कमरेवर हात ठेवून उभी आणि आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाईंनी खिशातला कागद उलगडून डोळ्यांसमोर धरला होता. एकदा कागद बघायच्या, एकदा समोर वाकलेलं गिऱ्हाईक. एका पारशी बाईने भाव विचारला, "बेन, पापलेट केम आप्या?" बाई म्हणाल्या, "मी विकायला नाही बसले, बघायला बसलेय." ती म्हणाली, "तो अमे पण जोवा ज आव्या," आणि खरंच तिथे उभी राहून बाईंना बघू लागली. आईला मग टोपलीच्या उलट बाजूने वाकून धंदा करावा लागला. गिऱ्हाइकं आईशी बोलायची आणि बघायची बाईंकडे. मला हसावं की लपावं कळेना.

बाजार विरळ होईपर्यंत बाई उठल्या नाहीत. उठायची वेळ आली तेव्हा गुडघे धरले, आईने दोन्ही हात धरून त्यांना वर खेचलं. त्या आईला म्हणाल्या, "आयुष्यभर मासे घेतले तुझ्यासमोर उभी राहून. इथे बसले नाही कधी." मग माझ्याकडे वळून, "हनुवट्या दिसतात आधी. मग हात, मग तोंड. बरोबर काढलंयस." चालेल नव्हे, बरोबर. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी चिडूनच म्हटलं, "बरोबर आहे, पण मार्क कोण देणार, बाई? मासेवाली नाहीये त्यात. नंबर नाही लागला तर मी बोईसरला गोळ्या विकणार आहे." कागद परत खिशात गेला. मी टोपली धुवायला नळावर गेले. परत आले तेव्हा त्या आणि आई दोन पालथ्या टोपल्यांवर बसून हळू आवाजात बोलत होत्या. बोलत बाई होत्या आणि ऐकत आई होती, जे सहसा होत नाही. मी जवळ गेल्यावर थांबल्या.

निकाल आला तेव्हा मासेमारीची पावसाळी बंदी होती. बोट किनाऱ्यावर ओढून शाकारलेली, त्यामुळे बाबा मोकळे होते आणि माझ्याबरोबर कॉम्प्युटरवाल्याकडे आले. मार्क आधी कळले. स्मरणचित्राला तिन्हींत सगळ्यात जास्त होते. मला वाटलं दुसऱ्या कुणाचं उघडलंय, मी त्याला माझा नंबर पुन्हा टाकायला लावला. पुढे कॉलेजं निवडायची फेरी झाली, आणि पहिल्याच यादीत मुंबईच्या सरकारी कॉलेजात माझं नाव लागलं. खांद्यावरून ओलं जाळं कुणीतरी उचलून घ्यावं तसं मला झालं. इतके दिवस मी किती वाकून चालत होते ते तेव्हा कळलं. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "वारली काढलीस ना शेवटी?" बाबांनी यादी स्वतः बोट ठेवून वाचली. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हणजे आता गोळ्या नाय ना विकायच्या?" मी नाही म्हटलं. "बरं झालं. तू दिलेल्या गोळ्या खाऊन लोक आजारी पडले असते." आणि मग रस्त्यातच थांबून टॉवेलने तोंड पुसत राहिले. त्यांनाही केवढं हायसं वाटलं होतं ते मला दिसत होतं. मला ती फार्मसी नको होती तशी त्यांनाही माझ्यासाठी ती नकोच होती, पण दुसरं काही त्यांना माहीत नव्हतं.

बाईंना सांगायला गेलो तर त्या घरी नव्हत्या. त्यांना आधीच कळलं होतं आणि त्या गावात फिरून सगळ्यांना "हात धरले, हात धरले" असं सांगत होत्या. निम्म्या लोकांना कसले हात ते आठवत नव्हतं. तिकीट खिडकीतल्या माणसाने तेवढा खिडकीतून हात बाहेर काढून हलवला.

प्रवेश घ्यायला आम्ही तिघी गेलो, आई, बाई आणि मी. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. बाई पुरुषी शर्टातच होत्या, पण शर्टाला इस्त्री होती. कॉलेजची जुनी दगडी इमारत, रुंद जिने, भिंतीशी पुतळे. बाई जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून हळूहळू चढल्या आणि वर पोचल्यावर हाताला रंग लागलाय का ते बघितलं. मी कागद तपासायच्या रांगेत उभी राहिले, त्या दोघी समोरच्या बाकावर बसल्या. रांग लांब होती. एक दाखला दोनदा मागितला गेला, एका झेरॉक्सवर सही राहिली होती, ती केली. शेवटी खिडकीतून शिक्का मारलेली पावती माझ्या हातात आली आणि मी वळले.

बाई झोपल्या होत्या. बाकाच्या पाठीला मान टेकून, तोंड किंचित उघडं, एक चष्मा कपाळावर आणि दुसरा मांडीवर पडलेला. आई माझ्या फायलीचा पुठ्ठा घेऊन त्यांना वारा घालत होती. मी पावती दाखवायला म्हणून त्यांच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं.

"उठवू नको."

"अगं, पावती दाखवते. झाला प्रवेश."

"कळलंय मला. तिला नंतर दाखव." आईने आवाज अजून खाली आणला. "त्या दिशी बाजारात सांगत होती. तिला पण हितंच यायचं होतं. तुझ्याएवढी होती तवा. भावानं अर्जच नाय भरू दिला, मास्तरकीला घातली. मग तिकडे तलासरीला दरसाल कुठल्या ना कुठल्या पोराला सांगायची, जा म्हणून. कुणाचं लगीन झालं, कुणी कामाला लागलं. कुणी आलंच नाय. ती पण आज पयल्यांदा आलीय हितं."

मी बाईंकडे बघत राहिले. पावती माझ्या हातात होती आणि ती कुठे ठेवायची ते मला कळत नव्हतं.

"झोपू दे," आई म्हणाली. "लय वर्षं जागी हाय ती."

मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसले. रांग संपली, खिडकी बंद झाली, पंखे बंद झाले. शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारं लावत आमच्यापर्यंत आला आणि काही बोलणार, तर आईने ओठांवर बोट ठेवलं. त्याने बाईंकडे बघितलं, किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या आणि तो आमच्याजवळ तसाच उभा राहिला.